सर्व्हर चालू, काटा बंद : फेलओव्हरसाठी नेटवर्कवर नजर कशी ठेवायची

दोन सर्व्हर आणले, क्लस्टर बांधला, एकाचा पॉवर काढून दाखवला, दुसऱ्यानं काम उचललं, म्हणजे फेलओव्हर झाला. चेअरमनसाहेबांनी मान डोलावली. पुढं ऐन गाळपात रॅकमागं साफसफाई करताना कुणाच्या तरी कोपरानं एक पॅचकॉर्ड सैल होते आणि उसाचा वजनकाटा थांबतो. सर्व्हर रूममध्ये जाऊन बघावं तर दोन्ही मशिनवर हिरवे दिवे. क्लस्टरला विचारावं तर सगळं सुरळीत. डेटाबेस चालू, व्हर्च्युअल आयपी (जो सर्व्हर काम करतो त्याच्याकडं जाणारा सामायिक पत्ता) जागेवर, आणि केन यार्डातली ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर रस्त्यावर.

यात क्लस्टरची चूक नाही. त्याला जेवढं बघायला सांगितलं तेवढंच तो बघत होता. जोडीदार नोड (म्हणजे दुसरा सर्व्हर) बोलतोय का, हे कोरोसिंक, म्हणजे क्लस्टरमधला निरोप्या, पाहतो. हार्टबीटची ('मी जिवंत आहे' या सततच्या निरोपाची) केबल वेगळी असल्यानं जोडीदार बोलत असतोच. डेटाबेसची तपासणी त्याच मशिनवर बसून होते, त्यामुळं ती पास. व्हर्च्युअल आयपी सांभाळणारा 'आयपीॲडर२' हा एजंट (एकेक सेवा चालवणारी आणि तपासणारी स्क्रिप्ट) नेहमीच्या सेटिंगमध्ये पत्ता इंटरफेसवर लावलेला आहे का एवढंच बघतो, आणि केबल निघाली तरी पत्ता लावलेलाच राहतो. तिन्ही तपासण्यांचं तोंड आतल्या बाजूला. काट्यावरच्या माणसाला हा सर्व्हर दिसतोय का, हे कुणीच विचारत नाही.

ते विचारायला कसं लावायचं, ते इथं क्रमानं सांगतो. कोल्हापूर भागात कारखाना, पतसंस्था, दूध संस्था, शिरोली किंवा गोकुळ शिरगावची फौंड्री अशा ठिकाणी नव्यानं सिस्टिमचं काम अंगावर आलेल्यांसाठी हे आहे. लिनक्सवर पेसमेकर (कुठली सेवा कुठं चालवायची ते ठरवणारा) आणि कोरोसिंकचा दोन नोडचा क्लस्टर उभा आहे, 'पीसीएस स्टेटस' दिल्यावर दोन्ही नोड ऑनलाइन दिसतात आणि फेन्सिंग (बिघडलेल्या नोडला जबरदस्तीनं बंद करणं) चालतं, एवढं गृहीत धरलंय. आज्ञा देवनागरीत उच्चाराप्रमाणं दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमनमध्ये, छोट्या अक्षरांत टाकायच्या. फक्त 'इन्फिनिटी', 'उणे ए१' मधला ए आणि 'उणे एसएल' मधला एल मोठ्या अक्षरांत.

आधी कागदावर नकाशा

उदाहरणाला जिल्ह्यातला कुठलाही साखर कारखाना घ्या. प्रशासकीय इमारतीत सर्व्हर रूम. तिथं दोन नोड, नावं पन्हाळा आणि विशाळगड. (पन्हाळ्याला वेढा पडला की कुठं जायचं, हे आपल्याकडं १६६० पासून ठरलेलं आहे. नावं लक्षात राहतात.) दोघांना जोडलेलं सामायिक स्टोरेज. वर चालणारा 'काटा-ग्रुप' तीन रिसोर्सचा (क्लस्टर सांभाळतो त्या गोष्टींचा) आहे: फाइल सिस्टिम, पोस्टग्रेस डेटाबेस आणि व्हर्च्युअल आयपी १९२.१६८.१०.२०. पन्हाळा पहिल्या कोअर स्विचला, विशाळगड दुसऱ्याला. दोघांमध्ये थेट एक केबल, हार्टबीटसाठी.

आता या सर्व्हरकडं येतं कोण? काट्याच्या केबिनमधले संगणक, शेती ऑफिसमधली टोकन आणि तोडणीची नोंद, अकाउंट्स, आणि इंटरनेटवरून स्लिप बॉयच्या मोबाइलवरच्या नोंदी. प्रत्येकाची वाट पेन्सिलनं काढा: कुठल्या स्विचमधून, कुठल्या फायबरवरून, कुठल्या राउटरमधून. या कागदाशिवाय पुढं जाऊ नका. सेटिंगला दहा मिनिटं लागतात. चूक होते ती काय तपासायचं हे ठरवताना.

शिवाय प्रत्येक वाटेपुढं ती बंद पडली तर काय थांबतं तेही लिहा. काटा थांबला तर गव्हाणीपर्यंत सगळं थांबतं. इंटरनेट गेलं तर स्लिप बॉयच्या नोंदी तासाभरानं आल्या तरी चालतात. ही उतरंड पुढं कामाला येणार आहे.

पिंग कुणाला मारायचा

पिंग म्हणजे 'आहेस का?' अशी नेटवर्कवरची हाक. ती कुणाला मारायची म्हटलं की नवीन माणूस सर्वात आधी ८.८.८.८ लिहितो. पाठ असतो ना! पण गूगलचा तो डीएनएस सर्व्हर दिसत नाही म्हणून यार्डातला काटा का थांबावा? बाहेर रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली की इंटरनेट जातं, आणि ते दोन्ही नोडचं एकदमच जातं. अशा वेळी सर्व्हर बदलून काही मिळत नाही. ज्या वाटेनं तुमची माणसं येतात, त्या वाटेवरचंच उपकरण टार्गेट म्हणून घ्यायचं.

आपल्या उदाहरणात तीन घेऊ: गेटवे १९२.१६८.१०.१, काट्याच्या केबिनमधला स्विच १९२.१६८.१०.५ आणि शेती ऑफिसच्या इमारतीतला स्विच १९२.१६८.१०.६. तिन्ही चोवीस तास चालू, पत्ता कायमचा ठरलेला, पिंगला उत्तर देणारी.

काय घेऊ नये, त्याची यादी मोठी आहे. जोडीदार नोड नको, त्याच्यावर कोरोसिंकची नजर आहेच. व्हर्च्युअल आयपी तर अजिबात नको: तो ज्या नोडवर असतो तिथून स्वतःलाच उत्तर देतो, केबल निघाली तरीही. प्रिंटर झोपतो. विंडोजचा डेस्कटॉप फायरवॉलमुळं बऱ्याचदा उत्तर देत नाही आणि रात्री कुणीतरी बंद करून घरी जातो. टार्गेटचं नाव लिहू नका, आयपी लिहा. नाहीतर डीएनएस बसला की तुमचं नेटवर्क 'तुटलं'. आणि जे टार्गेट यूपीएसवर नाही ते घेण्याआधी त्याला यूपीएसवर घ्या. सर्व्हर रूमला मोठा यूपीएस आणि यार्डातला स्विच थेट लाइनवर, हा प्रकार इतक्या ठिकाणी दिसतो की सांगायची सोय नाही. टर्बाइन ट्रिप झाला, लाइट क्षणभर लुकलुकली, की तो स्विच रीस्टार्ट होत बसतो.

एक बारीक गोष्ट. स्विचचे मॅनेजमेंट पत्ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) असतील तर तिथं जाणारा पिंग गेटवेतूनच जाणार. मग कागदावर तीन टार्गेट, पण वाट एकच. गेटवे गेला की तिन्ही एकदम जातात. असं असेल तर सर्व्हरच्याच व्हीलॅनमधली उपकरणं शोधा, किंवा तीन टार्गेट म्हणजे एकच मत आहे हे मान्य करून पुढचं गणित मांडा.

पिंग रिसोर्स बसवणं

पेसमेकरसोबत 'पिंग' नावाचा रिसोर्स एजंट येतो. जुन्या लेखांत 'पिंगडी' हा एजंट दिसेल. तो मागं पडला, पण त्याचं नाव राहिलं: नवा एजंट आपला निकाल डिफॉल्टनं 'पिंगडी' याच नावाच्या नोड ॲट्रिब्यूटमध्ये (नोडच्या नावे ठेवलेल्या नोंदीत) लिहितो. आज्ञा अशी, एका ओळीत:

पीसीएस रिसोर्स क्रिएट काटापिंग ओसीएफ:पेसमेकर:पिंग होस्ट_लिस्ट="१९२.१६८.१०.१ १९२.१६८.१०.५ १९२.१६८.१०.६" मल्टिप्लायर=१००० डॅम्पन=३०एस अटेम्प्ट्स=३ टाइमआउट=२ ऑप मॉनिटर इंटरव्हल=१०एस टाइमआउट=६०एस क्लोन

होस्ट_लिस्टमध्ये टार्गेट स्पेस सोडून लिहायचे, स्वल्पविराम नाही. जितकी टार्गेट उत्तर देतील त्याला मल्टिप्लायरनं गुणून आकडा तयार होतो: तिन्ही दिसली तर ३०००, दोन दिसली तर २०००. अटेम्प्ट्स म्हणजे प्रत्येक टार्गेटला किती पिंग. एकावर आणू नका. स्विच स्वतःला आलेल्या पिंगला फारसं महत्त्व देत नाही, कामात असला की एखादा गाळतो. 'टाइमआउट' दोनदा आलाय, गोंधळू नका. पहिला एका पिंगची वाट किती सेकंद बघायची तो, दुसरा पूर्ण तपासणीला क्लस्टर किती वेळ देतो तो. दुसरा मोठाच हवा: तीन टार्गेट, तीन पिंग, दोन सेकंद, म्हणजे वाईटात वाईट १८ सेकंद, ६० पुरेसे.

शेवटचा शब्द 'क्लोन' विसरायचा नाही. तो नसेल तर पिंग एकाच नोडवर चालतो, दुसऱ्याचा आकडाच तयार होत नाही, आणि तुलना करायला काही उरत नाही.

आता 'सीआरएम_मॉन उणे ए१' द्या. खाली नोड ॲट्रिब्यूट दिसतात; पन्हाळा आणि विशाळगड दोन्हीसमोर पिंगडी ३००० दिसायला हवं. एखादं टार्गेट दिसत नसेल तर तिथंच कनेक्टिव्हिटी 'डिग्रेडेड' असल्याचं आणि अपेक्षित आकडा किती ते लिहून येतं, सगळीच गेली तर 'लॉस्ट'. इथं दोघांचेही आकडे पूर्ण येईपर्यंत पुढची पायरी घेऊ नका. आत्ता काही बिघडत नाही, कारण आकडा नुसता लिहिला जातोय. त्यावरून क्लस्टरनं काय करायचं ते अजून सांगितलेलं नाही.

नियम: कडक की तुलनेचा

बहुतेक ठिकाणी हा नियम नमुना म्हणून दिलेला असतो:

पीसीएस कॉन्स्ट्रेंट लोकेशन काटा-ग्रुप रूल स्कोअर=उणे-इन्फिनिटी पिंगडी एलटी १ ऑर नॉट_डिफाइन्ड पिंगडी

म्हणजे ज्या नोडला एकही टार्गेट दिसत नाही, किंवा ज्याचा आकडाच नाही, तिथं ग्रुप चालवायचा नाही. वाचायला रास्त वाटतो. पण दोन्ही नोडना एकही टार्गेट दिसलं नाही तर काय होईल, हा प्रश्न स्वतःला विचारा. नियम दोघांनाही लागू होईल आणि क्लस्टर आज्ञाधारकपणे डेटाबेस दोन्हीकडं बंद करेल. टार्गेट एकच असेल, समजा नुसता गेटवे, तर राउटरचं फर्मवेअर अपडेट करायला कुणी रात्री तो रीस्टार्ट केला तरी काटा बंद. काट्याला गेटवे लागतच नव्हता! फेलओव्हरसाठी बसवलेली गोष्टच बंद पाडणारी ठरते.

सर्व्हरला नेटवर्क दिसतंय का, हा प्रश्नच अर्धा आहे. दुसऱ्याला माझ्यापेक्षा जास्त दिसतंय का, हा पूर्ण प्रश्न. दोघंही आंधळे झाले असतील तर जागा बदलून काय होणार? म्हणून तुलनेचा नियम:

पीसीएस कॉन्स्ट्रेंट लोकेशन काटा-ग्रुप रूल स्कोअर-ॲट्रिब्यूट=पिंगडी डिफाइन्ड पिंगडी

यात नोडचा पिंगडीचा आकडाच त्याचे गुण होतात. पन्हाळा ३०००, विशाळगड ३०००: बरोबरी, जिथं आहे तिथं राहील. पन्हाळ्याची केबल निघाली, ० विरुद्ध ३०००: विशाळगडावर जाईल. दोघंही ०: पुन्हा बरोबरी, हलणार नाही, बंदही पडणार नाही. माझ्या मते दोन नोडच्या, एकाच आवारातल्या क्लस्टरला हाच नियम लावावा. कडक नियमाला जागा आहे ती वेगळीकडं: बाहेर न दिसणारी सेवा चालू राहणं धोक्याचं असेल तिथं. काट्याचं तसं नाही.

दोन्ही नियम एकत्र लावू नका. कडक असला की दोघांचेही आकडे शून्य झाल्यावर तुलनेच्याला अर्थ राहत नाही.

गुणांचं गणित

इथं थोडं थांबूया, कारण नवख्यांचा क्लस्टर उड्या मारतो तो याच गणितामुळं.

पेसमेकर प्रत्येक नोडचे गुण मोजतो आणि जास्त गुणांच्या नोडवर रिसोर्स ठेवतो. चालू जागेला चिकटून राहण्याचे जादा गुण म्हणजे रिसोर्स-स्टिकीनेस. तो ठरवून दिला नाही तर शून्य किंवा जेमतेम एक असतो. मग काट्याच्या स्विचनं पन्हाळ्याचे तीन पिंग गाळले आणि विशाळगडाच्या तिनांतला एक लागला, की २००० विरुद्ध ३०००, आणि भर दुपारी डेटाबेस हलला. पुढच्या तपासणीत सगळं ठीक, पण तोवर पोस्टग्रेस बंद होऊन दुसरीकडं उठत असतो आणि काट्यावरचा क्लार्क फोन लावत असतो.

म्हणून एका टार्गेटच्या फरकानं हलायचं नाही, दोनाच्या फरकानं हलायचं, असं ठरवू. चिकटण्याचे गुण १००० पेक्षा जास्त आणि २००० पेक्षा कमी हवेत. पण ग्रुपमध्ये स्टिकीनेस प्रत्येक चालू सदस्याचा मिळून धरला जातो, तर लोकेशनचा नियम ग्रुपला एकदाच लागतो. आपल्या ग्रुपमध्ये तीन सदस्य. प्रत्येकी ५०० दिले की एकूण १५००:

पीसीएस रिसोर्स मेटा काटा-ग्रुप रिसोर्स-स्टिकीनेस=५००

एका टार्गेटचा फरक १०००, तो १५०० ला हरवत नाही. दोनाचा २०००, तो हरवतो. हा हिशेब ग्रुपच्या सदस्यसंख्येवर उभा आहे हे विसरू नका. उद्या ग्रुपमध्ये दोन रिसोर्स वाढवले तर बेरीज २५०० होईल, आणि दोन टार्गेट गेली तरी ग्रुप जागचा हलणार नाही. बदल केला की गणित नव्यानं मांडायचं. ताळा बघायला 'सीआरएम_सिम्युलेट उणे एसएल' द्या. चालू क्लस्टरला हात न लावता कुठल्या नोडला किती गुण मिळाले ते दाखवतो.

काट्याची वाट बाकी दोन्हींपेक्षा महत्त्वाची, मग तिला जास्त वजन द्यायचं असेल तर? एका पिंग रिसोर्समध्ये सगळ्या टार्गेटना सारखंच वजन. वेगळं हवं तर काट्यासाठी दुसरा पिंग रिसोर्स, 'नेम' ला वेगळं नाव आणि मोठा मल्टिप्लायर देऊन, आणि त्याचा स्वतंत्र नियम. सुरुवातीला हे करू नका. एक हंगाम साध्या मांडणीवर जाऊ द्या.

वेळ: घाई कुठं, सबुरी कुठं

डॅम्पन हा सर्वात दुर्लक्षित आकडा. आकडा बदलल्यावर तो लगेच न मांडता एवढा वेळ थांबायचं, असा त्याचा अर्थ. कारण दोन्ही नोड एकाच क्षणी तपासत नाहीत. गेटवे आणि शेती ऑफिसचा स्विच एकदम गेले. पन्हाळ्याला ते आत्ता कळलं, विशाळगडाला पुढच्या फेरीत कळेल. मधल्या काळात पन्हाळा १०००, विशाळगड अजून ३०००. डॅम्पन नसेल तर ग्रुप निघाला विशाळगडाकडं, आणि तिथं पोचेपर्यंत त्याचाही आकडा १००० झालेला. फुकटची उडी.

डॅम्पनचा डिफॉल्ट ५ सेकंद आहे. तपासणी दर १० सेकंदांनी असेल तर दोन नोडच्या कळण्यात १० सेकंदांहून जास्त अंतर पडू शकतं, वर मेलेल्या टार्गेटची वाट बघण्यात जाणारा वेळ. म्हणून डॅम्पन हा इंटरव्हल आणि एका पूर्ण तपासणीचा जास्तीत जास्त वेळ यांच्या बेरजेपेक्षा मोठा ठेवा. आपल्याकडं १० अधिक १८, म्हणून ३०.

म्हणजे केबल निघाल्यापासून ग्रुप हलायला सुरुवात होईपर्यंत सगळं धरून पाऊण मिनिट ते एक मिनिट लागू शकतं, त्यावर डेटाबेस बंद होऊन उठायचा वेळ. साहेब विचारतील, "दोन सेकंदांत का होत नाही?" दोन सेकंदांत होईल असं करता येतं, मग आठवड्यातून तीनदा विनाकारण होईल. भरलेली अंगद गाडी काट्यावर चढून स्थिर व्हायलाही वेळ लागतोच. तेवढ्यानं गाळप थांबत नाही.

खरं तर एक केबल निघाली म्हणून सर्व्हर बदलावा लागू नये. प्रत्येक नोडला दोन केबल, दोन कोअर स्विचना, आणि 'ॲक्टिव्ह-बॅकअप' बाँडिंग (एक केबल गेली की दुसरी काम उचलते), एवढं जमत असेल तर आधी ते करा. मग पिंगपर्यंत गोष्ट क्वचितच येईल. स्वतःच्या इंटरफेसवर नजर ठेवणारा 'ईथमॉनिटर' एजंटही आहे, पण त्याला लांबचं फारसं दिसत नाही. स्विच चालू आणि पुढची फायबर तुटलेली, हे त्याला कळणार नाही.

हार्टबीटची दुसरी वाट आणि फेन्सिंग

वरची सगळी मांडणी एका गोष्टीवर टेकलेली आहे: नेटवर्कपासून तुटलेल्या नोडला जोडीदाराशी बोलता आलं पाहिजे. 'माझा आकडा शून्य झाला' हे पन्हाळा विशाळगडाला सांगणार कुठून? हार्टबीटही त्याच लॅनवरून जात असेल तर केबल निघाल्यावर दोघं एकमेकांना मेलेले समजतात आणि प्रश्न पिंगचा न राहता फेन्सिंगचा होतो. म्हणून कोरोसिंकला दोन लिंक द्या: एक थेट केबल, दुसरी लॅन. कोरोसिंक ३ मध्ये आठपर्यंत लिंक देता येतात; आपल्याला दोन बास.

फेन्सिंग नसेल तर हा लेख इथंच बंद करून आधी ते बसवा. सामायिक स्टोरेजवर दोन्ही नोडनी एकदम लिहिलं तर काट्याच्या पावत्यांचं काय होईल याचा विचारही नको. सर्व्हरच्या आयपीएमआय (सर्व्हर लांबून चालू-बंद करायच्या) पोर्टमधून फेन्सिंग होत असेल तर ती केबल कुठल्या स्विचमध्ये गेली आहे ते बघा. ज्या स्विचच्या बिघाडासाठी फेन्सिंग लागणार त्याच स्विचमध्ये ती असेल, तर ऐन वेळी फेन्सिंगही होणार नाही, आणि ते यशस्वी झाल्याशिवाय पेसमेकर ग्रुप दुसरीकडं चालू करत नाही. दोन्ही नोडनी एकमेकांना एकाच वेळी पाडू नये म्हणून एका नोडच्या फेन्स डिव्हाइसला 'पीसीएमके_डिले_बेस' देऊन काही सेकंदांचा उशीर ठेवा.

आयपीएमआयला बाहेरून सुरक्षित व्हीपीएननं पोचता येईल अशीही सोय करून ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराच्या पाण्यानं शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद झाला होता. गाडी काढून सर्व्हर रूम गाठणं हा पर्याय आपल्याकडं दर पावसाळ्यात असतोच असं नाही.

चाचणी: मोळी टाकायच्या आधी

गव्हाणीत मोळी पडली की पुढचे महिने कुणी तुम्हाला केबल ओढू देणार नाही. पावसाळ्यातच चाचणी उरका. एका टर्मिनलवर 'सीआरएम_मॉन' चालू ठेवा, दुसऱ्यावर लॉग, आणि काट्याच्या केबिनमध्ये फोनवर एक माणूस.

पहिली चाचणी बिनधोक आहे. पन्हाळ्यावर फायरवॉलमध्ये तिन्ही टार्गेटकडं जाणारा पिंग अडवा, बाकी काही अडवू नका. डेटाबेसची वाट उघडीच राहते, फक्त पन्हाळ्याला आपण आंधळे झालो असं वाटतं. आकडा ० होईल, डॅम्पनएवढा वेळ जाईल, ग्रुप विशाळगडाकडं निघेल. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मग फायरवॉलमधला तो नियम काढा. आकडे पुन्हा ३०००-३००० झाले तरी ग्रुप विशाळगडावरच राहिला पाहिजे. परत उडी मारली तर स्टिकीनेस कमी पडला.

दुसरी, खरी केबल काढा. बाँडिंग असेल तर आधी एक (काही हलायला नको), मग दुसरी.

तिसरी चाचणी लोक टाळतात आणि तीच महत्त्वाची: टार्गेटच बंद करा. गेटवे बंद करा, मग शेती ऑफिसचा स्विच, मग काट्याचाही. दोन्ही नोडचे आकडे जोडीनं उतरतील. ग्रुप हलता कामा नये, थांबताही कामा नये. हलला तर डॅम्पन अपुरा आहे. थांबला तर कुठंतरी कडक नियम राहून गेलाय; 'पीसीएस कॉन्स्ट्रेंट' देऊन यादी बघा.

चौथी, हार्टबीटची थेट केबल काढा. दुसऱ्या लिंकवर सगळं चालू राहायला हवं, फेन्सिंग होता कामा नये.

ग्रुप पन्हाळ्यावर परत न्यायला 'पीसीएस रिसोर्स मूव्ह' वापराल. जुन्या आवृत्त्यांत ही आज्ञा मागं इन्फिनिटी गुणांचा एक कॉन्स्ट्रेंट सोडून जाते, आणि इन्फिनिटीपुढं आपले तीन हजार म्हणजे काहीच नाही. पुढं केबल निघेल, आकडा शून्य होईल, आणि ग्रुप ढिम्म. मूव्ह झाल्यावर कॉन्स्ट्रेंटची यादी बघायची आणि काही उरलं असेल तर 'पीसीएस रिसोर्स क्लिअर'.

डेटाबेस नसेल तर

दोन एनजिनेक्स किंवा एचएप्रॉक्सी (वेबच्या विनंत्या पुढं देणारे सर्व्हर), आणि त्यांच्यापुढं एक व्हर्च्युअल आयपी एवढंच असेल तर पेसमेकर जड पडतो, कीपअलाइव्हडी पुरतो. त्यात 'व्हीआरआरपी_स्क्रिप्ट' मध्ये पिंग मारणारी छोटी स्क्रिप्ट लिहायची, 'फॉल' आणि 'राइज' नं किती वेळा चुकल्यावर मान्य करायचं ते ठरवायचं, आणि 'ट्रॅक_स्क्रिप्ट' मध्ये ती जोडायची. कडक आणि तुलनेचा हा फरक इथंही आहे, फक्त लपलेला. स्क्रिप्टला वजन दिलं नाही तर ते शून्य धरलं जातं आणि स्क्रिप्ट चुकली की नोड सरळ 'फॉल्ट' मध्ये जातो. दोघांचीही चुकली तर आयपी दोन्हीकडून गायब. वजन उणे ६० दिलं, मुख्य नोडची प्रायॉरिटी १५० आणि दुसऱ्याची १०० ठेवली, तर एकट्या मुख्य नोडचा पिंग गेल्यावर ९० विरुद्ध १०० होऊन आयपी हलतो, आणि दोघांचा गेला तर ९० विरुद्ध ४०, जागच्या जागी.

बसवून झाल्यावर

फेलओव्हर गुपचूप होतो. पन्हाळ्याची केबल मंगळवारी निघाली, ग्रुप विशाळगडावर गेला, काटा चालला, कुणाला कळलं नाही. आता तुमच्याकडं एकच चांगला नोड आहे आणि तुम्हाला ते माहीत नाही. 'पीसीएस अलर्ट' जोडा. मेल पाठवणाऱ्या स्क्रिप्टचा नमुना पेसमेकरच्या अलर्टच्या फोल्डरमध्ये असतो, त्यात आपला पत्ता घालायचा. इंटरनेटच गेलं तर मेल जाणार नाही, म्हणून शिफ्टच्या नोंदवहीत 'सीआरएम_मॉन मधले दोन्ही आकडे' असा एक रकाना घाला. दर शिफ्टला दोन आकडे लिहायचे, ३००० नसेल तर फोन करायचा.

आणि टार्गेटची यादी रॅकच्या दारावर आतून चिकटवा, कुठला आयपी कुठल्या खोलीतल्या कुठल्या उपकरणाचा ते लिहून. परतीच्या पावसात वीज पडून यार्डातला स्विच जळतो, इलेक्ट्रिशियन रात्रीत दुसरा लावून देतो, नव्याचा पत्ता वेगळा असतो, आणि दोन्ही नोड त्या दिवसापासून २००० वर अडकतात. काही बंद पडत नाही, पण तीन मतांची दोन झाली. आता ग्रुप हलायला उरलेली दोन्ही एकदम जावी लागतील. 'पीसीएस रिसोर्स अपडेट काटापिंग होस्ट_लिस्ट' देऊन नवा पत्ता घाला, दोन्ही आकडे ३००० वर आलेले बघा आणि दारावरचा कागद बदला.